अर्धा निकाल मी देणार नाही

दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला तेव्हा विषय त्यांच्याकडे तयारच होता. प्रतिकारशक्ती वाढवण्याचे घरगुती उपाय. तुम्ही शास्त्रज्ञ, त्यातून काशीच्या, वाचक विश्वास ठेवतील, असं ते म्हणाले. मी म्हटलं, विश्वास ठेवतील म्हणूनच लिहिणार नाही. प्रतिकारशक्ती मी प्रयोगशाळेत हाताळली आहे, आणि ती तुपासारखी चमच्याचमच्याने वाढवायची वस्तू आहे असं सांगणाऱ्यांशी भांडण्यात माझ्या नोकरीची शेवटची वर्षं गेली. त्या भांडणाबद्दल लिहू का, असं मी विचारलं. ते लिहा म्हणाले. तेच लिहिते आहे.

माझा जन्म काशीतल्या रामघाटाचा. घरात पिढ्यानपिढ्या वेदाध्ययन आणि यजमानकृत्य. थोरला भाऊ, आमचा दादा, अजून तेच करतो. मी मात्र सायकल घेऊन शहराच्या पार दुसऱ्या टोकाला विद्यापीठात गेले, जीवरसायन शिकले, तिथेच नोकरीला लागले आणि तिकडेच राहिले. घरात मराठी, गल्लीत बनारसी, वर्गात हिंदी आणि इंग्रजी, असं आयुष्य गेलं. त्यामुळे माझ्या मराठीत मधूनच हिंदी डोकावली तर चालवून घ्या.

माझं काम होतं कॅन्सरच्या पेशी पाळण्याचं. पाळणं हाच शब्द बरोबर आहे. कधीकाळी कुणा बाईच्या स्तनातल्या गाठीतून घेतलेल्या पेशी जगभरच्या प्रयोगशाळांत अजून वाढत आहेत. त्या आमच्याकडेही होत्या. प्लास्टिकच्या चपट्या बाटलीत गुलाबी पोषकद्रव घालायचं, त्यात पेशी सोडायच्या आणि बाटली अंगाइतक्या उबेच्या कपाटात ठेवायची. पेशी तळाला चिकटतात, पसरतात, विभागतात. बाटली भरली की अर्ध्या उचलून दुसऱ्या बाटलीत घालायच्या. बुरशीचा एक कण आत गेला तर सगळं वाया, म्हणून बांगड्या काढून, हात स्पिरिटने पुसून, तोंड बांधून बसायचं. वीज गेली की जनरेटर सुरू झाल्याचा आवाज येईपर्यंत जीव थाऱ्यावर नसायचा.

त्या पोषकद्रवात वासराच्या रक्तातलं सीरम लागतं. दादाने एकदा विचारलं तेव्हा मी सरळ सांगून टाकलं. त्याने इतकंच सांगितलं की श्राद्धाच्या दिवशी सोवळ्यातल्या कशाला हात लावू नकोस, आणि हे बाहेर बोलू नकोस. पहिलं मी पाळलं. दुसरं पाळलं नाही. जे आहे ते आहे.

घरात माझ्या कामाबद्दल कुतूहल एकटीलाच होतं, ती म्हणजे दादाची बायको, कुसुमवहिनी. माहेर दुर्गाघाटाचं, म्हणजे हाकेच्या अंतरावरचं. सीरमचं ऐकून तिने विचारलं होतं, ‘वन्सं, मग त्या पेशींना वास येतो का हो?’ येत नाही, पण बुरशी लागली की येतो, असं मी सांगितलं. तेव्हापासून मी घरी गेले की ती पेशींची खुशाली विचारायची, जशी कुणी भाचरांची विचारावी.

आता शास्त्र थोडक्यात सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. आपल्या शरीरात रोगाशी लढणाऱ्या पेशी एकमेकींना निरोप पाठवतात. हे निरोप म्हणजे बारीक प्रथिनं. एक पेशी सोडते, दुसरीच्या अंगावर त्याच्या मापाची खाच असते, तिथे ते जाऊन बसतं आणि दुसरीला काय करायचं ते कळतं. त्यातल्या एका प्रथिनाचं नावच ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर, म्हणजे गाठ मारणारा घटक. उंदरांना त्याचा मोठा डोस दिला तेव्हा गाठी काळ्या पडून मेल्या, म्हणून हे नाव पडलं. पण तेच प्रथिन थोडंथोडं, सतत झिरपत राहिलं तर सूज धरून ठेवतं. इंटरल्यूकिन-सहा नावाचं दुसरं एक आहे. जखम झाली की ते आसपासच्या पेशींना जगा, वाढा, जागा भरून काढा असं सांगतं. जखमेसाठी हे उत्तमच. पण कॅन्सरची पेशी ही आपल्याच पेशीतून बिघडलेली असते. तिच्याही अंगावर त्या खाचा असतात. निरोप तिलाही पोचतो, आणि वाढा एवढंच तिला हवं असतं.

हे सगळं पुस्तकात होतं. मला ते माहीत होतं. तरी स्वतःच्या बाटलीत बघेपर्यंत अंगाला लागलेलं नव्हतं.

चूर्ण आणि काढे बनवणाऱ्या एका कंपनीने आमच्या विभागाकडे एक अर्क तपासायला पाठवला. कंपनीचं आणि विभागप्रमुखांचं नाव मी इथे घेणार नाही, त्यांना नुसतं सर म्हणते. सर वाईट माणूस नव्हते. पेशींचं कपाट, जनरेटर, सगळं त्यांनी दारोदार हिंडून मिळवलं होतं, आणि हा प्रकल्प मिळाल्याने प्रयोगशाळेला पुन्हा जीव येणार होता. काम माझ्याकडे आलं.

पहिला भाग सोपा होता. रक्तातल्या लढाऊ पेशी घ्यायच्या, त्यांना अर्क द्यायचा आणि त्या किती निरोप सोडतात ते मोजायचं. भरपूर सोडत होत्या. गाठ मारणारा घटक वाढला, इंटरल्यूकिन-सहा तर त्याहून वाढला. अर्क प्रतिकारशक्ती जागवतो हे सिद्ध झालं असं सर म्हणाले आणि त्यांनी विभागात लौंगलता ही बनारसी मिठाई वाटली.

दुसऱ्या भागात त्या लढाऊ पेशींनी ज्यात निरोप सोडले ते पाणी स्तनाच्या कॅन्सरच्या पेशींवर घालायचं होतं. त्या मरतील अशी सगळ्यांची अपेक्षा होती, माझीसुद्धा. मेलेल्या पेशी तळ सोडतात आणि गोल होऊन वर तरंगतात. दोन दिवसांनी मी बाटली सूक्ष्मदर्शकाखाली धरली तर वर काहीच तरंगत नव्हतं. तळाला इतकी दाटी होती की हे पाणी न घातलेली साधी बाटली तिच्यापुढे विरळ वाटावी.

सर म्हणाले, चिठ्ठ्या उलटसुलट लागल्या असतील. मी नव्या पेशींवर पुन्हा केलं, आणि कुठली बाटली कुठली हे मलाही कळू नये म्हणून चिठ्ठ्या सहकाऱ्याकडून झाकून घेतल्या. तसंच आलं. सर म्हणाले, बुरशी असेल. बुरशी नव्हती. मग मी तीन निरनिराळ्या प्रकारच्या स्तनाच्या कॅन्सरच्या पेशी घेतल्या. एका प्रकारच्या थोड्या घटल्या. दोन प्रकारच्या वाढल्या, आणि त्यातल्या एका प्रकारच्या तर लांबोळ्या होऊन एकमेकींना सोडून सरपटायला लागल्या. शेवटी इंटरल्यूकिन-सहाला पकडून ठेवणारं द्रव्य त्या पाण्यात घातलं. वाढ मंदावली. म्हणजे निरोप कुणाचा होता तेही कळलं.

सरांनी मला खोलीत बोलावून चहा मागवला. पहिला भाग कंपनीला आत्ता देऊ, दुसरा सावकाश, अजून काम करून, वेगळा देऊ, असा त्यांचा प्रस्ताव होता. मी नाही म्हटलं.

‘वसुधाजी, काचेतल्या पेशी म्हणजे बाई नव्हे,’ ते म्हणाले.

‘मान्य आहे, सर. मग पहिल्या भागातल्या पेशी तरी कुठे माणूस होत्या?’

त्यांनी कप खाली ठेवला. मी सांगितलं की माझं नाव घालायचं असेल तर दोन्ही भाग एकत्र जातील, नाहीतर माझं नाव काढा आणि माझ्या बाटल्यांचा उल्लेखही काढा. बघू, असं ते म्हणाले. सरांचं बघू म्हणजे विषय टळला, असा माझा समज होता.

त्यानंतरच्या कार्तिकात मी घरी गेले. पंचगंगा घाटावर आकाशदिवे लागलेले होते. वहिनी पहाटेचं स्नान करून आली होती आणि तिने मला स्वयंपाकघरात बोलावलं. दादा पूजेत होता. तिने दार लोटलं, माझा हात धरला आणि पदराखाली डाव्या स्तनावर दाबला.

‘वन्सं, हे काय आहे ते सांगा.’

सुपारीहून मोठी, तशीच टणक, आणि बोटाने ढकलली तरी न हलणारी गाठ होती. मी जन्मभर त्या पेशी बाटलीत पाहिल्या होत्या, पण हाताला कधी लागल्या नव्हत्या. कधीपासून, असं विचारलं तर म्हणाली, पावसाळ्याच्या आधीपासून. आधी लाज वाटली म्हणून लपवलं, मग ह्यांना सांगितलं, ह्यांनी औषध आणलं, रोज दोन वेळा घेते आहे. फळीवरून तिने डबा काढून दाखवला. त्या कंपनीचाच होता. झाकणाखाली हिंदीत छापलेलं होतं की हे चूर्ण शरीराची कॅन्सरशी लढण्याची ताकद वाढवतं आणि विद्यापीठात तपासलेलं आहे.

दादा पूजा आटोपून आत आला तर डबा माझ्या हातात. तो खुशीने म्हणाला, बघ, तुझ्याच इथलं आहे, म्हणून तर डोळे झाकून आणलं. आम्हा दोघींच्या तोंडाकडे बघून मग तो थांबला.

दादा अडाणी नाही. पण आमची आत्या पोटाच्या ऑपरेशनला गेली ती परत आली नव्हती, आणि सुरी लागली की कॅन्सर पसरतो हे त्याच्या मनात तेव्हापासून घट्ट बसलेलं होतं. मी त्याला बाटल्यांमध्ये काय दिसलं ते पहिल्यापासून सांगितलं. तो पाटावर बसून ऐकत राहिला. शेवटी म्हणाला, ‘म्हणजे मी हिला इतके दिवस विष दिलं?’

हो म्हणायला जीभ वळवळत होती, मी खोटं बोलत नाही. त्या क्षणी मला कुणालातरी दुखवायचं होतं. पण ते खरं ठरलं नसतं.

‘ते मला माहीत नाही, दादा. बाटलीत जे होतं ते शरीरात होतंच असं नाही. पण ह्या डब्याने वहिनीचे महिने खाल्ले, ते मात्र माहीत आहे.’

वहिनी इतका वेळ कणीक मळत होती. तिने हात धुतले आणि पुसता पुसता म्हणाली, ‘उद्या इस्पितळात जायचं. कोण येतंय?’

आम्ही दोघंही गेलो. गाठ कॅन्सरची निघाली, काखेतही पोचलेली होती. ऑपरेशन झालं, मग केमो. ऑपरेशनच्या दिवशी दादा बाहेरच्या बाकावर माळ घेऊन बसला होता. जप चालला असेल असं मला वाटलं, पण जवळ गेले तर मणी जागचे हलत नव्हते.

त्याच आठवड्यात मी डबा घेऊन सरांच्या टेबलावर ठेवला. ते गोरेमोरे झाले. पहिल्या भागाची माहिती कंपनीला प्राथमिक म्हणून दिली होती, त्यांनी घाई केली, आपण दुरुस्त करून घेऊ, असं म्हणाले. दुरुस्त काही झालं नाही. उलट काही महिन्यांनी विभागाच्या सभागृहात कंपनीचा कार्यक्रम ठरला. डॉक्टर येणार, वार्ताहर येणार, सर अर्काबद्दल बोलणार. बोलणाऱ्यांत मी नव्हते.

केमोच्या दोन फेऱ्यांमध्ये वहिनीला जरा बरं होतं. तेव्हा तिने मला सांगितलं की त्या पेशी तिला बघायच्या आहेत. मी तिला रिक्षाने विभागात नेलं. डोक्यावर केस नव्हते, पदर घट्ट घेतलेला. सूक्ष्मदर्शकात कसं बघायचं ते जमायला तिला वेळ लागला, मग जमलं. मी आधी साधी बाटली ठेवली, नंतर अर्काच्या पाण्यातली. ती कितीतरी वेळ डोळा काढेना. ह्या माझ्या नाहीत ना, असं तिने विचारलं. मी सांगितलं, नाही, दूरदेशीच्या कुणा बाईच्या आहेत, ती केव्हाच गेली.

मग तिने मान वर केली. ‘हे तुम्ही कुणाकुणाला दाखवलंत?’

सरांना, मी म्हटलं.

‘आणि?’

मी बाटली उचलून परत कपाटात ठेवली.

‘मी लपवलं, काय झालं ते बघितलंत ना? तुम्ही लपवू नका.’

मी लपवत नव्हते, नुसतं माझं नाव देत नव्हते, असं तिला सांगणार होते. पण दोन्हींत फारसा फरक नाही हे बोलायच्या आधीच मला कळलं.

कार्यक्रमाच्या दिवशी मी मागच्या रांगेत बसले. सरांचं बोलणं झालं, टाळ्या झाल्या. प्रश्न विचारा म्हणाले तेव्हा मी उभी राहिले. माईक माझ्याकडे कुणी आणेना, म्हणून तसंच बोलले, आणि वार्ताहरांना कळावं म्हणून हिंदीत बोलले. सांगितलं की ह्याच अर्काच्या कामाचा दुसरा अर्धा निकाल माझ्याकडे आहे. तीन प्रकारच्या पेशींपैकी दोन प्रकारच्या वाढल्या. शरीरात काय होईल ते मला माहीत नाही, सरांना माहीत नाही, कंपनीलाही माहीत नाही. ज्या बाईच्या छातीत गाठ आहे तिला हे कॅन्सरशी लढतं असं सांगून देऊ नका, आणि त्यावर आमचं नाव छापू नका.

कंपनीचा माणूस हसतमुखाने उठला आणि म्हणाला, ‘यह मैडम की निजी राय है.’

मी म्हटलं, ‘राय नहीं है, बोतल में है. सामने का कमरा है, चलिए, देख लीजिए.’

आणि मी चालायला लागले. मागे कुणी येईल की नाही हे बघायला वळले नाही. खोलीत दिवा लावला, बाटल्या काढल्या. दारात पावलं वाजली. एक वयस्क सर्जन बाई आल्या आणि त्यांच्यामागून आणखी दोघं डॉक्टर. सर आले नाहीत. सर्जन बाईंनी दोन्ही बाटल्या पाहिल्या, दोनच प्रश्न विचारले, दोन्ही नेमके. जाताना म्हणाल्या की माझ्याकडे रोज अशा बायका येतात, डबा संपवून.

दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात पुष्पगुच्छांचा फोटो होता, माझ्याबद्दल अक्षर नव्हतं. पण त्या सर्जन बाई स्वस्थ बसल्या नाहीत. त्यांनी विद्यापीठात वरपर्यंत तक्रार नेली आणि डब्यावरून आमचं नाव आणि कॅन्सरचा शब्द, दोन्ही गेले. त्या जागी ‘शतकांची परंपरा’ असे शब्द आले. चूर्ण अजून खपतं.

माझी खोली गेली. जागा दुसऱ्या कामाला हवी असं कारण दिलं. पेशी कुठे न्यायच्या ते ठरेना, तेव्हा एके दुपारी मीच प्रत्येक बाटलीत ब्लीच ओतलं. गुलाबी रंग क्षणात उडतो. इतकी वर्षं पाळलेल्या त्या पेशी होत्या, आणि शेवटी त्या कॅन्सरच्या होत्या, तरी मला भरून आलं. निवृत्त होईपर्यंत पहिल्या वर्षाच्या मुलांची प्रॅक्टिकलं घेतली. प्रोफेसर झाले नाही. दोन्ही भाग एकत्र असलेला माझा लेख एका लहानशा नियतकालिकात आला, फार कुणी वाचला नसावा. आता बाहेर मोठमोठ्या प्रयोगशाळांत ह्या निरोपांवर काम चाललं आहे. कुठला थांबवायचा, कुठला वाढवायचा, कुणाच्या गाठीत कोणता कामाचा, हे शोधताहेत. ते वाचताना कधीकधी जळफळाट होतो, खरं सांगते. माझ्या हातात अजून थोडी वर्षं हवी होती. पण त्या दिवशी उभी राहिले याचा पश्चात्ताप विचाराल तर तो एक दिवसही झाला नाही, आणि पुन्हा तसा प्रसंग आला तर पहिल्या रांगेत बसेन.

सर निवृत्त झाल्यावर एकदा बाजारात भेटले. ओशाळून म्हणाले, तुम्ही घाई केलीत. मी म्हटलं, सर, गाठ तुमच्या घरात नव्हती. ते पुढे चालायला लागले. मला ते बोलल्याचंही वाईट वाटत नाही.

वहिनी बरी झाली. केस आले, पांढरेशुभ्र आणि कुरळे, तिला ते आवडले. बरीच वर्षं चांगली गेली. गेल्या वर्षी पाठ दुखायला लागली आणि तपासलं तर मणक्यात पुन्हा आलेलं निघालं. आता गोळ्या आहेत आणि इंजेक्शन. इस्पितळात आता दादाच पुढे होऊन डॉक्टरांना प्रश्न विचारतो, इतके की बाहेरची रांग कुरकुरते. किती दिवस मिळतील, हे वहिनीने मला विचारलं. मी माहीत नाही म्हटलं. ती म्हणाली, बरं झालं, तुम्हाला माहीत असतं तर तोंडावर दिसलं असतं.

परवा आम्ही तिघं रामघाटावर गेलो होतो. तिने हट्टाने खाली पाण्यापर्यंत उतरून स्नान केलं. वर येताना पायऱ्यांच्या मध्यावर ती टेकली. दादा ओले कपडे घेऊन खालच्या पायरीवर थांबला, मी तिच्या शेजारी. एक नाववाला ओळखीचा होता, त्याने नाव बांधता बांधता विचारलं, ‘अम्मा, थक गयीं? हाथ दें?’

वहिनीने पदर नीट केला.

‘थकी नहीं हूँ, बेटा. बैठी हूँ.’

तो हसला आणि दोर ओढू लागला. तिला हवं तेवढा वेळ ती बसली. नंतर आमच्यापैकी कुणाचाही हात न घेता उठली आणि आमच्या पुढे चढायला लागली.